माझ्या हातच्या भुवया

शिंप्याला जशी आपली शिवण ओळखू येते, तशी मला माझी भुवई ओळखू येते. चारकोपच्या बाजारात पुढे चाललेली एखादी बाई मान वळवते आणि मी मनात म्हणते, ही माझी. ही त्या नाक्यावरच्या पार्लरवालीची, शेपूट फार बारीक केलीय. आणि ही घरी आरशासमोर स्वतःच उपटलेली, हिचं काही खरं नाही. तीस वर्षं दातात दोरा धरून काढली की एवढं येतंच, त्यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही. पण याच ओळखीपायी एकदा भर दुपारी माझ्या हातातला चिमटा खाली पडला होता. ती गोष्ट सांगायला आता हरकत नाही, कारण जिची आहे तिनेच ‘लिही गं’ म्हणून परवानगी दिलीय. नावं तेवढी मी बदलली आहेत.

माझं पार्लर म्हणजे सेक्टरमधल्या बैठ्या घराची पुढची खोली. मागे आमचं बिऱ्हाड. सुरुवातीला भुवया, वॅक्सिंग, नवरीचा मेकअप असं सगळं करत होते. मग सुईचं काम शिकले आणि गिऱ्हाईकच बदललं. बाहेरच्यांना वाटतं मी त्या भिंगाच्या दिव्याखाली काहीतरी भुताटकी करते, म्हणून थोडक्यात सांगते. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो त्याच छिद्रातून, केसाएवढी बारीक सुई मुळापर्यंत सरकवायची, क्षणभर करंट द्यायचा, मूळ मरतं. मग चिमट्याने केस उचलायचा. काम बरोबर झालं असेल तर तो ओढावा लागत नाही, अलगद हातात येतो. असे एकेक करून सगळे. घाई केली, करंट जास्त दिला, की खड्डा पडतो, आणि तो खड्डा जन्माचा.

यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी, की चेहऱ्यावर दिसतात त्याहून कितीतरी केस आत झोपलेले असतात. आज हनुवटी साफ केली तरी दोन महिन्यांनी तिथूनच नवे उठतात. गिऱ्हाईक भांडायला येतं. मी म्हणते, बाई, हे मी लावलेले नाहीत, तुझेच आहेत, उशिरा जागे झालेत. लेझर सुईपेक्षा पटकन होतो, पण त्याला काळा केस दिसतो, पांढरा दिसत नाही. आणि सावळ्या कातडीवर अडाण्याच्या हातात पडला तर भाजून निघतं. असे भाजलेले, नाहीतर उपटून उपटून बिघडलेले गाल घेऊन माझ्याकडे पुष्कळजणी आल्या.

त्यातली पहिली रेश्मा. मालाडच्या मालवणीत राहायची, गोरेगावला शूटिंगमध्ये मागे नाचायची. सोळाव्या वर्षापासून चिमट्याने दाढी उपटून उपटून तिच्या गालाची चाळण झाली होती. वर मेडिकलमधून कुणीतरी दिलेलं गोरं व्हायचं मलम चोपडून कातडी इतकी पातळ झालेली, की बोट लावलं तरी लाल व्हायची. मी तिला आधी दोन महिने काहीच केलं नाही. मलम बंद, चिमटा बंद, त्वचेच्या डॉक्टरकडे जा, उन्हात मलईसारखं जाड सनस्क्रीन लाव, आणि दाढी करायचीच तर गरम पाण्याचा फडका ठेवून, नव्या ब्लेडने, केसाच्या दिशेने. ती चिडली. “मावशी, मी सुई मारायला आली, तू मला दाढी शिकवते?” मी म्हटलं, “शिकवते. बस खाली.”

सुईला सुरुवात केल्यावर एकदा मी तिला विचारलं, हे सगळं का करतेस गं? ती दिव्याखालून डोळे न उघडता म्हणाली, “काय पाहिजे ते विचार मावशी, का पाहिजे ते नको विचारू. का विचारणाऱ्यांना मी घरी सोडून आली.” ते मी मनावर लिहून ठेवलं. तिने तिच्या मैत्रिणी आणल्या, मैत्रिणींनी त्यांच्या मैत्रिणी. काही पुरुषही यायचे, ऑफिसातून दुपारी तास-दोन तास चोरून, रविवारी घरात साडी नेसणारे. सगळ्यांना मी सरळ विचारायला शिकले. केस कुठले आहेत, दाढी किती वेळा करता, गोळ्या कसल्या चालू आहेत, साखर आहे का, जखम भरल्यावर डाग फुगतो का. या प्रश्नांत लाज नाही. न विचारण्यात धोका आहे.

एवढं शहाणपण असून एका माणसाला मी हेच विचारलं नाही, आणि ते माझ्या चांगलंच अंगाशी आलं.

कुमुदताई सबनीस बोरिवलीहून यायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, नवरा एका औषध कंपनीत यंत्रांचे नकाशे काढायचा, मूलबाळ नाही. बोरिवलीत पार्लरांना तोटा नव्हता, पण त्यांना माझाच हात हवा. दोरा लावताना गिऱ्हाइकाने कातडी ताणून धरायची असते, कुमुदताई ती अंगठ्याने आणि अनामिकेने धरायच्या, करंगळी वर. मी रागवायचे, त्या हसायच्या आणि पुन्हा तशीच धरायच्या. माझे मिस्टर गेले त्या वर्षी संक्रांतीला त्या करंडा घेऊन पार्लरमध्ये आल्या. मी म्हटलं, ताई, एक तर मी बौद्ध, त्यात आता विधवा, मला कशाला? त्यांनी गिऱ्हाइकांसमोर माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, “मला लावायचंय म्हणून. तुझा काय संबंध?”

त्यांना एक बहीण होती, मंदा. ती घराबाहेर पडायची नाही. दुपारी अडीचला, माझी गिऱ्हाइकं नसतात त्या वेळी, कुमुदताईंचा घरच्या फोनवरून फोन यायचा. ठरलेलं वाक्य, “सुजाता, मोकळी आहेस का गं?” मग मंदाचे प्रश्न. मंदाच्या मानेवर पुटकुळ्या येतात, काय लावू? मंदाचे केस कातडीखाली गोल वळतात, काय करू? मंदाच्या हातांना वॅक्स केलं तर दाणे उठतात. मी सांगत गेले. वर्षानुवर्षं मी एका अशा बाईची कातडी सांभाळत होते, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. कुमुदताई स्वतः भुवया करून घेताना आरशात एकटक माझ्या हाताकडे बघत बसायच्या. मला वाटायचं, हौस.

एका दुपारी त्यांनी विचारलं, मंदाच्या मानेला केस काढायचं क्रीम चालेल का? मी म्हटलं, चालेल, पाच मिनिटं ठेवायचं, आधी हातावर लावून बघायचं. दुसऱ्या दिवशी फोन. आवाज रडवेला. “सुजाता, पाच मिनिटांत काहीच गेलं नाही गं. म्हणून वीस मिनिटं ठेवलं. सकाळी दाढी केली होती तिने. कातडी सोलून आलीय.”

दाढी. हा शब्द त्या माऊलीच्या तोंडून निसटला. नुकतंच ब्लेड फिरवलेल्या कातडीवर ते क्रीम म्हणजे ॲसिडच, आणि दाढीचा जाड खुंट त्याने जात नाहीच. हे मी रेश्माला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कुमुदताईंना सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं की कुठले केस. मनात कधी आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. आलं होतं. पण सभ्य घरातली बाई, तिची बहीण, उगाच कशाला तोंड वाईट करायचं, म्हणून जाऊ दिलं. मी म्हटलं, गार पाणी धरा, काही चोपडू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. त्या म्हणाल्या, “ती येणार नाही गं डॉक्टरकडे.” मानेवर उजव्या जबड्याखाली हाताच्या अंगठ्याएवढा डाग राहिला, असं मला नंतर कळवलं.

पुढे श्रावणात कुमुदताई गेल्या. पोटाचं दुखणं, सहा महिन्यांत आटोपलं. मी बोरिवलीला भेटायला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दहा-बारा माणसं खाली बसलेली. सबनीसकाका कोपऱ्यात खुर्चीवर मान खाली घालून, डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, एवढ्या उकाड्यात शर्टाचं गळ्याचं बटण लावून. मी कुमुदताईंच्या भावाशेजारी बसले आणि हळूच विचारलं, “मंदाताई कुठे आहेत? त्यांना मी भेटू का?”

“कोण मंदा?” ते म्हणाले.

“कुमुदताईंची बहीण.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “आम्ही दोघंच. मी आणि कुमुद. बहीण नाही आम्हाला.”

रिक्षाने परत येताना माझं डोकं चालेना. बहीण नाही, तर मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते? कुमुदताई स्वतःबद्दलच विचारत होत्या म्हणावं तर त्यांची मान मी दर महिन्याला भिंगाच्या दिव्याखाली बघत होते, लोण्यासारखी साफ. मग भाजलं ते कुणाचं? मी भुतंखेतं मानत नाही. आमच्या घरात ते कुणीच मानलं नाही, बाबांनी लहानपणी अमावास्येला मला एकटीला विहिरीवर पाठवलं होतं. तरी त्या रात्री मी मोबाइलमधून ‘कुमुदताई घर’ हा नंबर पुसायला घेतला आणि पुसला नाही.

चार महिने गेले. मार्गशीर्षातली दुपार, अडीचचा सुमार, पार्लरमध्ये मी एकटी, मशीनच्या सुया टाकून देत होते. मोबाइल वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘कुमुदताई घर’.

वाटलं, काका असतील. मी उचलला.

“सुजाता, मोकळी आहेस का गं?”

बाईचा आवाज. थोडा घोगरा, पण ‘गं’ वरचा तो हेलकावा तोच. मला भीती वाटली की मी नेहमी ओरडते, तशीच ओरडले. “कोण बोलतंय? मेलेल्या माणसाची चेष्टा करता? लाज नाही वाटत?”

“मी मंदा. कुमुदची मंदा.”

“मंदा कुणी नाही. मला तिच्या भावाने सांगितलंय.”

मग तो आवाज सांगायला लागला. केस आत झोपतात, दोन महिन्यांनी उठतात. कातडीखाली वळलेला केस नखाने उकरायचा नाही, गरम फडका ठेवायचा. वॅक्सच्या आदल्या दिवशी खरखरीत कापडाने हात घासायचे. एकामागून एक, मी वर्षानुवर्षं कुमुदताईंना सांगितलेलं सगळं, माझ्याच शब्दांत. शेवटी म्हणाली, “क्रीम पाच मिनिटं. तेवढं एक चुकलं आपलं.”

मी स्टुलावर बसले.

“मला तुझ्याकडे यायचंय,” ती म्हणाली. “फक्त दार लावून घे. आणि मी आले की घाबरू नकोस. तुला वाटेल दुसरंच कुणी आलंय.”

बुधवारी दुपारी आले ते सबनीसकाका. इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, हातात कापडी पिशवी. आता वाचणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही, पण मी दार लावून घेतलं तेव्हा खरंच त्यांच्या मागे कुणी आहे का ते बघितलं होतं. ते खुर्चीत बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला, गळ्याचं बटण काढलं. उजव्या जबड्याखाली अंगठ्याएवढा काळपट डाग. मी भिंगाचा दिवा पुढे ओढला आणि त्यांच्या चेहऱ्यावर आणला.

आणि माझ्या हातातला चिमटा पडला. सदुसष्ट वर्षांच्या त्या अनोळखी पुरुषाच्या चेहऱ्यावर माझी भुवई होती. चार-पाच महिन्यांचं रान वाढलं होतं, पांढरे केस इकडेतिकडे, पण खालची रेघ माझी. ती कमान माझी, शेपटीला मी देते तो किंचित खालचा उतार माझा. या चेहऱ्याला मी जन्मात हात लावला नव्हता. समोरचा माणूस डोळे मिटून बसला होता आणि मी भिंगातून माझंच काम बघत होते. पलीकडे आरसा होता, त्यात बघायची माझी हिंमत झाली नाही.

“कुमुद करायची,” ते डोळे न उघडता म्हणाले. “तुझ्याकडून करून आली की तिची भुवई बघून बघून माझी करायची. आधी महिनाभर स्वतःच्या पायाच्या केसांवर दोरा शिकली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी तिला सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, नाव काय तिचं?”

मी दातात दोरा धरला, कारण मला तेवढंच येतं. “धरा,” म्हटलं. त्यांनी कातडी ताणून धरली. अंगठा, अनामिका, करंगळी वर.

ते का आले होते ते त्यांनी त्या दिवशीच सांगितलं. भाद्रपदात, पितृपक्षात, अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी घरी सवाष्ण जेवायला बोलावतात. ती सवाष्ण गेलेल्या बाईच्या जागी बसते, तिला साडी देतात, तिची ओटी भरतात. कुमुदताईंनी शेवटच्या दिवसांत सांगून ठेवलं होतं. वर्ष झालं की जी पहिली नवमी येईल तिला सवाष्ण म्हणून मंदा जेवेल, दुसरी कुणी नाही. आणि ओटी सुजाता भरेल.

“मंदा कशी दिसायला हवी हे तुझ्या हातात आहे,” ते म्हणाले. “दुपारी बारा वाजता, खिडक्या उघड्या असताना. पस्तीस वर्षं ती संध्याकाळी पडदे ओढून, एका दिव्यात बसलीय. उजेडात ती कधीच नव्हती. मला हे एकदा करायचंय सुजाता. कुमुदच्या जागी पिशाच्चासारखं नाही बसायचं.”

मी भडकले. “काका, मी विधवा, बौद्ध. आमच्याकडे मेलेली माणसं जेवायला येत नाहीत. मी कशी ओटी भरू? आणि मंदाताई सवाष्ण कशा? नवरा कोण त्यांचा?”

ते पहिल्यांदा हसले. “हे सगळं कुमुदला मी विचारलं होतं. ती म्हणाली, तुझं कुंकू आणि माझं कुंकू एकाच माणसाच्या नावाचं, आणि तो माणूस धडधाकट आहे. तुझ्याबद्दल म्हणाली, सुजाताचा विश्वास नाही म्हणून तीच हवी. ती घाबरायची नाही.”

कुमुदताईंचा हा एक अंदाज साफ चुकला होता. मी त्या डागाकडे बघितलं. म्हटलं, “काका, तो डाग माझा आहे. मी विचारलं नाही.”

“तिने सांगितलं नाही,” ते म्हणाले. “आणि मी बाहेर आले नाही. तिघींचा आहे तो.”

‘आले’ हे त्यांनी सहज म्हटलं, आणि त्या दिवसापासून दार लावलं की मी त्यांना मंदाताई म्हणायला लागले.

हातात नऊ महिने होते. दाढी पूर्ण पांढरी, म्हणजे लेझर बाद, सुईच. पुरुषाची सबंध दाढी सुईने काढायला दोन वर्षंही पुरत नाहीत, तेव्हा मी आधीच स्पष्ट केलं. वरचा ओठ आणि हनुवटी एवढंच पूर्ण करायचं, गाल आणि मान रोजच्या नीट दाढीवर. साखर होती, म्हणून डॉक्टरची चिठ्ठी आणायला लावली, आणि दर वेळी थोडेच केस, लांब लांब अंतराने, म्हणजे खपली भरायला वेळ मिळेल. दर खेपेला नवी सुई. भाजलेल्या डागाला हात लावायचा नाही, तिथे सुई नाही, वॅक्स नाही, काही नाही. पांढऱ्या दाढीचा एक फायदा असतो, ती काढल्यावर निळसर सावली राहत नाही. तरण्या पोरींना तीच सावली झाकायला मेकअपखाली नारिंगी रंग लावावा लागतो.

दर बुधवारी अडीच वाजता. भिंगाखाली तो चेहरा आणि शेजारी तो आवाज, मला कुमुदताईंचं सगळं सांगणारा. खरं तर माझंही. माझ्या मिस्टरांचं आजारपण, माझ्या मुलीचं मोडलेलं लग्न, मी दोरा लावता लावता कुमुदताईंपाशी जे बोलले होते ते सगळं मंदाताईंना ठाऊक होतं. मला कधी कधी वाटायचं, गेलेलं माणूस खुर्चीत बसून माझं मलाच परत देतंय. आणि ते हनुवटीवरचे केस! जूनमध्ये साफ केलेल्या जागी ऑगस्टमध्ये पुन्हा पाच उठले, नेमके त्याच ओळीत. मंदाताई घाबरल्या, “हे जाणार नाहीत गं. मी मेले तरी येतील.” मी म्हटलं, “मूळ मेलेलं परत येत नाही. हे दुसरे आहेत. झोपले होते.” नवमीच्या तीन आठवडे आधी मी सुई थांबवली. राहिले ते राहिले.

नवमीला मी सकाळी नऊला बोरिवलीत पोचले. दाढी मी स्वतः केली, गरम फडका, नवं ब्लेड, केसाच्या दिशेने. डागावर पिवळसर थर, मग कातडीच्या रंगाचा, मग पावडर. आणि भुवया. मग मी स्वयंपाकघरात गेले. वडे, खीर, भाजी असा सगळा स्वयंपाक काकांनी पहाटेच करून ठेवला होता, कारण नंतर घरात काका असणार नव्हते. मी पान वाढलं, खिडक्या उघडल्या. भिंतीवर कुमुदताईंचा फोटो, समोर पाट.

मंदाताई आतल्या खोलीतून आल्या. साधी सुती साडी, बांगड्या, अंबाड्याचा टोप. बाराचं ऊन सरळ तोंडावर आलं. मी पाणी द्यायला वाकले होते ती तशीच राहिले. फोटोतला चेहरा आणि हा चेहरा यांत काही साम्य नव्हतं. नाक वेगळं, जबडा वेगळा. तरी कुमुदताईच पाटावर बसायला निघाल्या आहेत असं मला वाटलं, आणि का वाटलं ते कळायला थोडा वेळ लागला. भुवया एकाच हाताच्या होत्या.

त्या जेवल्या, हळूहळू, शेवटच्या घासापर्यंत. यजमानाने विचारायचं असतं, पोट भरलं का? यजमान तर पाटावर बसलेले. मग मीच विचारलं. “भरलं गं,” त्या म्हणाल्या.

ओटीची साडी कुमुदताईंनी घेऊन ठेवली होती, कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी उलगडली, तर आत मंदाताईंच्या मापाचा शिवलेला ब्लाऊज आणि घडीत एक चिठ्ठी. वर माझं नाव. कुमुदताईंचं अक्षर, शेवटच्या दिवसांतलं, ओळी उतरत गेलेलं. ‘सुजाता, ओटी भरलीस की तिला घरात ठेवून घेऊ नकोस. जेवलेली सवाष्ण निरोप घेऊन जाते. दार तू उघड.’

मी ती मोठ्याने वाचली. मंदाताईंनी ती माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचली. नऊ महिने आम्ही दोघींनी या चेहऱ्यावर काम केलं, तो उजेडात बसावा एवढ्यासाठी. कुमुदताईंचा बेत दुसराच होता.

“मी कुठे जाऊ गं?” त्या म्हणाल्या. “माझं घर हेच.”

“ते मला माहीत नाही. मी कुंकू लावते, तुम्ही उठा.”

मी कुंकू लावलं. तांदूळ, नारळ, साडी ओटीत घातली. दार उघडलं. त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या, बाहेर जिना, जिन्यात ऊन. किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. मला वाटलं, नाही जमणार, आता ही आत वळणार आणि पुन्हा पडदे ओढणार. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. शेजारच्या लीलाबेन कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या आणि बघत राहिल्या. वीस वर्षं समोर राहिलेली बाई.

“कुमुदबेनची बहीण काय?” त्या म्हणाल्या. “कधी बघितलं नाय तुमाला. पण बघून वाटलंच मला. भवया एकदम तिच्याच ना.”

मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. “हो,” त्या म्हणाल्या, “धाकटी.” आणि कठड्याला हात धरून एक पायरी उतरल्या. मग दुसरी. चपलांचा आवाज खाली खाली गेला आणि थांबला.

मी दार लावलं. घरात पान, फोटो आणि मी. यजमान नव्हते आणि पाहुणीही नव्हती. मी पान उचलायला घेतलं आणि घरचा फोन वाजला. घड्याळात अडीच.

पहिल्या तीन रिंगा मी उचलला नाही. खोटं कशाला बोलू? त्या तीन रिंगांपुरती मला खात्री होती की ती आहे. आणि ती असेल तर तिला काय सांगायचं ते मी ठरवत होते. गेली हो ताई. तुमची मंदा बाहेर गेली.

चौथ्या रिंगला उचलला. पलीकडे रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, वारा.

“सुजाता, मोकळी आहेस का गं? मी गेटच्या बाहेर आहे, काकांच्या मोबाइलवरून बोलतेय. आता कुठे वळू?”

मी म्हटलं, “तिथेच उभ्या राहा. चप्पल घालते आणि येते.”